कामावर होती

पहिल्याच भेटीत त्यांनी माझी हनुवटी धरली.

पिंपरीच्या माळावर तेव्हा एका मोठ्या कारखान्याची इमारत उभी राहत होती आणि तिच्या ठेकेदाराकडे मी हजेरी कारकून म्हणून लागलो होतो. बावीस वर्षांचा होतो. पुण्यात मॅट्रिक झालेलो, मुरमाच्या धुळीत रोज इस्त्रीचा शर्ट घालून जायचो. सकाळी पत्र्याच्या खोपटासमोर मजुरांची रांग लागायची. मी नाव विचारायचो आणि हजेरीपटात खूण करायचो. त्या दिवशी रांगेतला एक उंच, वाळका, पन्नाशीचा माणूस नाव सांगायच्या ऐवजी टेबलावर वाकला, दोन बोटांनी त्यानं माझी हनुवटी पकडली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हनुवटी आत गेलीया. ह्या मानसाला न्हाई म्हनता यायचं न्हाई."

रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला इतका राग आला, की त्यांच्या नावापुढची खूण करताना टाक कागदातून आरपार गेला. त्या माणसाबद्दल लिहायला बसलो की आजही आधी राग येतो. आता तो नेमका कुणाचा ते मला कळतं, एवढाच फरक.

साइटवर सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. दगड घडवणाऱ्या टोळीवर ते प्रमुख होते. टोळीतले बाकीचे सगळे वडार, पिढ्यान्‌पिढ्या दगडात काम करणारे. मिस्त्री मात्र तळवड्याच्या शेतकरी घरातले. इंद्रायणीकाठी त्यांची जमीन होती, बैल होते, भाऊ होते. कुणबिकी सोडून हा माणूस टाकी-हातोडा घेऊन उन्हात बसतो याची घरच्यांना लाज वाटायची. त्यांचे वडील मरेपर्यंत त्यांच्याशी धड बोलले नाहीत, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं. सांगताना आवाजात दुःख वगैरे नव्हतं. वडिलांचे डोळे बारीक होते, चांगले कोरता आले नसते, असं म्हणाले.

चेहरे बघायची त्यांना खोडच होती. बोलणाऱ्याच्या बोलण्याकडे लक्ष नसायचं. नाक कपाळातून कसं निघतं, कान कुठं चिकटतो, हसताना गालाची कोणती बाजू आधी हलते, हे पाहत बसायचे. बरं, पाहून गप्प बसले असते तर चाललं असतं. ते सांगायचे. मुंबईहून आलेल्या इंजिनिअरला त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, की तुमचे दोन कान एका पातळीत नाहीत, म्हणून तुम्हाला भिंतीही तिरक्या दिसतात. मुकादमाला म्हणाले, तुझ्या तोंडाला दगड मिळायचा नाही, शेण लागेल. निर्वासितांच्या छावणीतून चहाची किटली घेऊन येणारे एक वयस्कर सिंधी गृहस्थ होते, घरदार मागं टाकून आलेले. त्यांच्याकडे मात्र मिस्त्री किती तरी वेळ बघत राहायचे आणि काही बोलायचे नाहीत. एकदा मी कारण विचारलं. "त्याच्या तोंडात गाव हाय सगळं," म्हणाले. "त्ये कोरायचं म्हंजे मला अजून धा वर्सं पायजेत."

त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. भोसरीच्या वेशीजवळ जुने वीरगळ पडलेले होते. गावासाठी किंवा गुरांसाठी लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीचा उभा दगड म्हणजे वीरगळ. त्यावर तीन चौकटी असतात. खालच्या चौकटीत तो लढून पडतो, मधल्या चौकटीत त्याला वर नेतात, वरच्या चौकटीत तो देवापुढं बसतो. लहानपणी मामाच्या गावी गुरं राखताना मिस्त्री त्या दगडांवर बसायचे. एक दिवस बसल्या बसल्या बोटांना दगडातल्या माणसाच्या पाठीचा कणा लागला. ते उठले, खाली उकिडवे बसले आणि दिवस मावळेपर्यंत बघत राहिले. गुरं कुणाच्या तरी ज्वारीत शिरली आणि मामानं मार मार मारलं. "मार खाताना बी माझं ध्यान त्या कन्याकडंच व्हतं," ते म्हणायचे. पहिली टाकी त्यांनी नांगराच्या मोडक्या फाळाची केली. वडारांच्या खाणीवर लांब बसून त्यांचे हात पाहिले आणि घरी येऊन दगडांचा चुरा केला. असं किती वर्षं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

दिघीच्या टेकडीचा दगड त्यांना आवडायचा. ती जमीन लष्कराची, आत जायला बंदी. एकदा पहारेकऱ्यानं त्यांना पकडलं. मिस्त्रींनी त्यालाच झापलं, की तू सारखा हलतोस, जरा नीट उभा राहा. आणि खिशातल्या कोळशानं चौकीच्या भिंतीवर त्याचं डोकं काढून दिलं. पहारेकरी पंजाबकडचा होता, त्याला ह्यांची भाषा कळत नव्हती, पण आपलं नाक कळलं. त्यानंतर मिस्त्री दिघीहून बैलगाडीतून दगड आणायचे आणि तो पहारेकरी गाडीला मागून हात लावायचा.

देव मात्र ते करत नसत. तरुणपणी गावानं त्यांच्याकडून मारुती करून घेतला होता. मिस्त्रींनी वर्षभर त्यावर काम केलं. मांडीतला ताण, मनगटाच्या शिरा, ओठ मिटल्यावर हनुवटीखाली पडते ती घडी. प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी पुजाऱ्यानं तेल आणि शेंदूर फासला. दर शनिवारी थर चढत गेला आणि दोन वर्षांत देवळात नुसता नारिंगी गोळा उरला. एका सकाळी मिस्त्री खुरपं घेऊन गाभाऱ्यात शिरले आणि शेंदूर खरवडायला लागले. गावानं त्यांना बाहेर ओढून काढलं. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तेव्हा मोडलं, ते पुन्हा सरळ झालं नाही. मला हे सांगताना ते त्या वाकड्या बोटानंच टेबल ठोकत होते. चेहरा झाकला म्हणून त्यांना राग आला होता. बोटाचं त्यांना काही वाटत नव्हतं.

असा हा माणूस. दुपारची भाकरी खायला ते माझ्या खोपटाच्या सावलीत येऊन बसायचे आणि मला घालूनपाडून बोलायचे. माझी कॉलर, माझं हसणं, ठेकेदार आला की मी खुर्चीतून उठायचो ते. मी चिडायचो, पण ते आले नाहीत तर दाराकडं बघत बसायचो.

ठेकेदाराचंही सांगायला हवं. त्यानं कधी आवाज चढवला नाही. सगळ्यांना अहो-जाहो, मजुरांनासुद्धा. पांढरा झब्बा, पानाची चांदीची डबी. असा मऊ बोलणारा माणूस समोर आला की आपण आधीच अर्धे वाकतो.

गयाबाई बीडकडची. नवरा किसन आणि एक दीड वर्षाची पोर, अशी तिघं दुष्काळातून उठून इकडं आली होती. किसन खडी फोडायचा, ती परांचीवरून चुन्याची घमेली वर न्यायची. परांचीचे दोर कुजलेत हे मुकादमाला माहीत होतं. ठेकेदाराला माहीत होतं. मलाही माहीत होतं, कारण नवीन दोराची मागणी मीच दोनदा लिहून दिली होती. एका दुपारी परांची सुटली. गयाबाई घमेल्यासकट दुसऱ्या मजल्यावरून खाली आली. मी धावत गेलो तेव्हा बायांनी तिला एका फळीवर घेतलं होतं. चुना अजून तिच्या केसांतून गळत होता.

तासाभरानं ठेकेदारानं मला तंबूत बोलावलं. बसा म्हणाला. पान पुढं केलं. मग सांगितलं, की बिचारी नवऱ्याला भाकरी द्यायला आली होती, कामावर नव्हतीच. कारखान्याच्या उद्घाटनाला फार मोठी माणसं येणार आहेत, तोंडावर भलतं काही नको. हजेरीपटाचं या महिन्याचं पान खराब झालंय, तेवढं नवं लिहून काढा, तुमचं अक्षर चांगलं आहे.

मी नाही म्हणालो नाही. तिथंच बसून नवं पान लिहिलं. तिच्या आधीचं नाव लिहिलं, तिच्या नंतरचं लिहिलं. जुनं पान ठेकेदारानं माझ्यासमोर चुलीत घातलं. दोन दिवसांत किसनला आणि पोरीला मालट्रकमध्ये बसवून गावाकडं धाडण्यात आलं. कोणी काही विचारलं नाही. मला रात्री झोप लागली, हेही लिहून ठेवतो.

मिस्त्री मात्र भाकरी खायला यायचे बंद झाले. फाटकाजवळ घडीव दगडांचा ढीग होता, त्यात त्यांनी पुरुषभर उंचीचा एक दगड उभा केला आणि दुपारच्या सुटीत टाकी घेऊन त्यापुढं बसू लागले. रविवारीही टाकीचा आवाज यायचा. पंधरा-वीस दिवसांनी चौकटी दिसायला लागल्या. तो वीरगळ होता, बाईचा.

खालच्या चौकटीत गयाबाई पडत होती. घमेलं हवेत, पदर वर गेलेला, आणि शेजारी परांचीचा बांबू, त्यावरच्या दोराची सुटत आलेली गाठ. ती गाठ इतकी खरी होती, की पाहताना हात पुढं करून ती आवळावीशी वाटायची. मधल्या चौकटीत चार बाया तिला फळीवरून नेत होत्या, आणि त्या चारही बाया साइटवर काम करत होत्या, कुणीही ओळखावं. वरच्या चौकटीत देव नव्हता. गयाबाई मांडी घालून बसली होती आणि भाकरी खात होती.

मी एवढंच विचारलं, की देव का नाही.

"तिला जित्तेपनी बसून खाताना कंदी बघितलं न्हाई," ते म्हणाले. मग खिशातून खडू काढून माझ्यासमोर धरला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. "नाव लिही. खाली जागा सोडलीया."

माझा हात उठेना. आजूबाजूला बाया उभ्या होत्या, वडार उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. मिस्त्री खडू धरून तसेच उभे राहिले. शेवटी मी वाकलो आणि लिहिलं : गयाबाई किसन. सात अक्षरं. जे नाव मी कागदावरून गाळलं होतं ते दगडावर लिहिताना माझे कान तापले होते. लाजेनं म्हणेन, पण खरं तर संतापानं. हा माणूस मला सगळ्यांसमोर हे करायला लावतो आहे याचा संताप.

दुसऱ्या दिवशी अक्षरं कोरून झाली. बायांनी दगडापुढं फुलं ठेवली. कुणी तरी भाकरीचा तुकडा ठेवला. आणि बाया एकमेकींत बोलायला लागल्या, की परांचीचे दोर अजून तेच आहेत, आपण वर का चढायचं.

ठेकेदार आला. दगडापुढं उभा राहून त्यानं पान लावलं, खाल्लं, मग मला बोलावलं. साइटवरच्या सगळ्या पाट्या मीच रंगवलेल्या होत्या. माझा 'ग' वेगळा होता, माझ्या वेलांट्या मागं झुकायच्या. त्यानं नावावर बोट ठेवलं.

"हे अक्षर तुमचं ना?"

मी म्हणालो, "नाही."

मिस्त्री दोन हातांवर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आता हा माणूस माझी हनुवटी धरेल आणि सगळ्यांना दाखवेल.

"म्या लिवलं," ते म्हणाले.

ठेकेदार हसला. मिस्त्री पगाराला अंगठा उठवतात हे त्याला पक्कं माहीत होतं. तो म्हणाला, "असं? मग इथं जमिनीवर पुन्हा लिहून दाखवा."

मिस्त्री खाली बसले. वाकड्या बोटानं धूळ सारखी केली आणि टाकीच्या टोकानं लिहायला लागले. माझाच 'ग', माझीच मागं झुकलेली वेलांटी, सातही अक्षरं, एक चूक नाही. वाचता येत नसलेल्या माणसानं. आदल्या दिवशी ती अक्षरं त्यांनी दगडात कोरली होती, हाताला ती पाठ झाली होती. ठेकेदारानं पानाची डबी खिशात टाकली. मग त्याच मऊ आवाजात म्हणाला, की मिस्त्री, उद्यापासून येऊ नका आणि जाण्याआधी हा दगड फोडून जा.

मिस्त्रींनी फोडला नाही. वडारांना सांगितलं, त्यांनी हातोडे खाली ठेवले. शेवटी बाहेरचे हमाल आणून दगड ट्रकमध्ये टाकला आणि पलीकडच्या एका खड्ड्यात ढकलून वर भराव घातला. मी खोपटात बसून आवाज ऐकला. उद्घाटन वेळेवर झालं. हार होते, बँड होता.

जाताना मिस्त्री खोपटाच्या दाराशी आले होते. मला वाटलं मी आभार मानावेत. तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "तुला वाचवाया न्हाई केलं त्ये. दुसरा दगूड घेनार हाय. नाव मला आता येतंय, पर फुडचं लिवायचं राहिलंय. तुझा हात लागंल." आणि चालू लागले.

मी तळवड्याला गेलो तो दोन महिन्यांनी. चिंचवडवरून चालत निघालो, भुईमुगाची काढणी चालली होती. मिस्त्रींच्या कारभारणीनं मला पाणी दिलं आणि मी कोण ते न विचारता सांगितलं, की बांधावर बसलेत, तुमची वाट बघून बघून मला बोलत्यात.

बांधावर दुसरा दगड उभा होता. आधीच्याहून लहान, पण काम जास्त खोल. गयाबाईच्या चेहऱ्यावर आता राग होता. पहिल्या दगडात तो नव्हता. खाली नाव कोरलेलं, माझ्याच अक्षरात. त्याखाली दोन ओळींची जागा.

मिस्त्रींनी खडू दिला. माझ्या आईची, प्रवासाची, कसलीही चौकशी नाही. "लिही. परांची पडून मेली."

मी लिहिलं.

"आता लिही. कामावर होती."

मी थांबलो. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते, आयुष्यात पहिल्यांदाच. दगडाकडं पाहत होते. मी लिहिलं.

"वाच."

मी वाचलं. गयाबाई किसन. परांची पडून मेली. कामावर होती.

"मोठ्यानं वाच."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी मान हलवली, अजून मोठ्यानं. तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज फाटला. चौथ्यांदा मी ओरडत होतो, कुणावर ते मला कळत नव्हतं. ठेकेदारावर, त्याच्या पानाच्या डबीवर, मिस्त्रींवर, त्या नव्या कोऱ्या पानावर बसून सुंदर अक्षर काढणाऱ्या माझ्यावर. शेतात शेंगा तोडणाऱ्या बाया उभ्या राहून आमच्याकडे पाहायला लागल्या. मिस्त्री उठले, धोतराची माती झटकली आणि म्हणाले, "हितं वरडून काय व्हनार? मला ठावं हाय. ज्याला ठावं न्हाई त्याच्याफुडं वाच."

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात समाधान नाही. पुण्याच्या कामगार कचेरीत मी तक्रार दिली. चौकशी लांबली. किसनला शोधून काढायला वर्ष गेलं. त्याला जे मिळालं ते मिळालं असं म्हणण्याइतकंही नव्हतं. ठेकेदाराला समज देण्यात आली आणि त्यानं भोसरीकडं दुसरं काम घेतलं. माझी नोकरी गेली. मिस्त्री त्यानंतर चार-पाच वर्षं जगले, रोज कुणावर तरी चिडून. शेवटच्या दिवसांत छातीत दगडाची धूळ साठली होती, तरी डॉक्टरला सांगत होते, की तुमचा खालचा ओठ डावीकडं ओढलाय, लक्ष द्या. त्या सिंधी म्हाताऱ्याचा चेहरा त्यांनी अर्धा केला होता. तो अर्धाच राहिला. आजही मला त्याचा राग येतो. त्यांना दहा वर्षं हवी होती, आणि ती दुसऱ्यांच्या भिंतींचे दगड घडवण्यात गेली.

पण त्या कचेरीतल्या सकाळी ते माझ्याबरोबर होते. मी बोलावलं नव्हतं. पुण्याच्या गाडीत चिंचवडला चढलो तर ते आधीच बसलेले होते, धुतलेलं धोतर, डोक्याला मुंडासं. कचेरीत खुर्ची दिली तरी बसले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. अधिकारी तरुण होता, कंटाळलेला. त्यानं हजेरीपटाची नक्कल मागवलेली होती. ती उलटून तो म्हणाला, की यात या बाईचं नाव कुठंच नाही.

मी म्हणालो, "ती कामावर होती."

"तुम्हाला कसं माहीत?"

"हजेरी मी घेत होतो. तिचं नाव मीच गाळलंय."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. शेजारच्या टेबलावरचे दोघं लिहायचे थांबले. अधिकाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीपाशी उभ्या त्या उंच, वाळक्या माणसाकडं, जो त्याच्या कपाळाकडं टक लावून बघत होता. त्यानं विचारलं, "आणि तुम्ही कोण?"

"मी?" मिस्त्री म्हणाले. "ह्यो मधीच पळून जाऊ नये म्हनून आलोय."